करंगळी

चारकोपच्या त्या मराठी शाळेत दुसरी 'ब'चा वर्ग जिन्याच्या तोंडाशीच होता. त्यामुळे त्या वर्गातला गोंगाट वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांना फुकट ऐकू जायचा. श्रुतिका धुरी जूनमध्ये रुजू झाली ती याच वर्गावर. डी.एड.ला चांगले गुण मिळवलेली, तक्ते सुरेख काढणारी, गोष्ट सांगताना हातवारे करणारी मुलगी. मुलांना ती पहिल्याच आठवड्यात आवडली. आवडली म्हणून मुलं तिच्याशी बोलायला लागली आणि ती सगळी एकदम बोलायची.

शेजारच्या 'अ' वर्गाच्या तेजल टीचर मधूनमधून दारात येऊन उभ्या राहायच्या.

"श्रुतिका, मेथी कशी दिली गं?"

"कुठली मेथी?"

"नाही, मला वाटलं इथे मंडई भरलीय."

मुख्याध्यापक गावडे सर मूळचे कणकवलीचे. श्रुतिकाचं गाव तिकडचंच हे कळल्यापासून ते तिच्याशी एकट्यात मालवणीत बोलायचे. त्यामुळे बोलणं आपुलकीचं वाटायचं आणि टोचायचंही जास्त. "काय गो, तुझ्या वर्गात पोरा शिकतत की जत्रेक येतत?" असं ते हसत विचारायचे. हसत विचारलं तरी श्रुतिकाची नोकरी वर्षभराच्या बोलीवर होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शाळेत शिस्तीची एक फिरती ढाल होती. लाकडी, तांबड्या मखमलीची, मध्ये पितळी सूर्य. संस्थेचे लोक महिन्यातून एकदा वर्गावर्गातून फेरी मारायचे आणि सगळ्यात शांत वर्गाला ती ढाल मिळायची. दुसरी 'ब'च्या भिंतीवर ढालीसाठी खिळा होता. त्या खिळ्याला मुलं टोप्या अडकवायची.

गणपतीच्या सुट्टीनंतर श्रुतिकाने मनाशी ठरवलं की आता पुरे. सोमवारी वर्गात आल्याआल्या तिने आवाज चढवला. "हाताची घडी, तोंडावर बोट!"

हे मुलांना बालवाडीपासून येत होतं. एक हात छातीवर आडवा, दुसऱ्या हाताचं पहिलं बोट ओठांवर. पण बालवाडीत तो खेळ असतो. क्षणभर ठेवायचं, टीचर वळल्या की काढायचं. श्रुतिकाने त्याचा नियम केला. "मी 'सोडा' म्हणेपर्यंत बोट काढायचं नाही. काहीही झालं तरी नाही. ज्याचं बोट निघेल तो बाकावर उभा."

पहिल्या दिवशी बाकावर उभी राहिली ऋतिका. तिचं कायम असंच होतं. वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. तिला सगळं सांगायचं असायचं. मम्मी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये डब्यांना लेबलं लावते, आमच्या नळाला लाल पाणी आलं, मांजरीला पिल्लं झाली पण एक काळं आहे. त्या दिवशीही बोट काढून ती म्हणाली, "टीचर, पण मला एक सांगायचंय."

"काही सांगायचं नाही. बाकावर."

ती उभी राहिली. खाली बसली तेव्हा तिच्या ओठांवर बोट असं घट्ट दाबलेलं होतं की नखाखालची कातडी पांढरी पडली होती. श्रुतिकाला वाटलं, चला, हिला कळलं. ही गप्प झाली म्हणजे वर्ग गप्प झाला. आणि तसंच झालं. आठवडा संपेस्तोवर दुसरी 'ब' इतकी शांत झाली की तेजल टीचर दारात येऊन खरंच चकित झाल्या. "काय जादू केलीस गं?"

संस्थेचे लोक शुक्रवारी यायचे होते. मधल्या सुट्टीनंतर येतो म्हणाले आणि उशिरा आले. श्रुतिकाने वर्ग आधीपासूनच तयार ठेवला होता. हाताची घडी, तोंडावर बोट. पंखा फिरत होता तेवढाच आवाज. दारातून तीन पाहुणे आणि मागे गावडे सर आले. एका पाहुण्याने फळ्यावरची कविता वाचली, एकाने तक्ते पाहिले आणि मग ते श्रुतिकाशी बोलत उभे राहिले. कुठून येता, डी.एड. कुठे केलं वगैरे.

बोलता बोलता तिचं लक्ष तिसऱ्या बाकाकडे गेलं. ऋतिकाने बोट बदललं होतं. पहिलं बोट मिटून तिने ओठांवर करंगळी ठेवली होती आणि ती डोळे मोठे करून श्रुतिकाकडे बघत होती. पाहुण्यांसमोर हिला खोडी सुचतेय! श्रुतिकाने डोळे वटारले. ऋतिकाने करंगळी मिटली आणि पुन्हा पहिलं बोट ओठांवर ठेवलं.

पाहुणे बोलतच होते.

थोड्या वेळाने पुढच्या बाकावरचा हर्षद खाली वाकून पाहायला लागला. मग त्याच्या शेजारचा. तिसऱ्या बाकाखालून पाण्याची एक ओळ सरकत फळ्याच्या दिशेने आली आणि पाहुण्यांच्या बुटांपाशी थांबली. कोणीतरी फिसकन हसलं. मग तोंडावरची सगळी बोटं सुटली आणि वर्ग हसायला लागला.

ऋतिकाचं बोट मात्र ओठांवर होतं. फ्रॉक भिजलेला, मोजे भिजलेले आणि बोट ओठांवर.

एका पाहुण्याने पाय मागे घेतला. श्रुतिकाने गावडे सरांचा चेहरा पाहिला आणि तिच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "तोंड नाहीये का तुला? सांगता येत नाही? शी! एवढी मोठी घोडी!"

ऋतिकाने उत्तर दिलं नाही. 'सोडा' अजून कोणी म्हटलं नव्हतं.

सोमवारी ढाल दुसरी 'ब'च्या खिळ्यावर लागली. पाहुण्यांनी उदारपणे म्हटलं होतं की लहान मुलांचं असं व्हायचंच, पण शिस्त पाहावी तर या वर्गाची. शिपाई ढाल लावत असताना दारात ऋतिकाची मम्मी आली. नीलम तिचं नाव. कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली होती. हातात पिशवी होती आणि पिशवीत फिनेलची नवी बाटली.

"सॉरी टीचर," ती म्हणाली. "त्या दिवशी मोठ्या लोकांसमोर घाण केली ना तिने. वर्गात ठेवा हे. परत नाही करणार, मी समजावलंय तिला चांगलं."

श्रुतिकाला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं, की चूक तिची नाही, माझी आहे. पण ढालीसाठी खिळा पक्का ठोकायचा आवाज चालू होता, मुलं बघत होती आणि समोरची बाई इतक्या नम्रपणे उभी होती की ते वाक्य राहूनच गेलं. तिने बाटली घेतली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "असू दे."

असू दे! नीलमच तिचे आभार मानून गेली.

बाटली खिडकीत राहिली. पांढरी, सीलबंद. श्रुतिका फळ्याकडे तोंड करून उभी असली तरी तिला ती पाठीमागे जाणवायची.

ऋतिका रोज येत होती. अभ्यास करत होती. बोलत मात्र नव्हती. मांजरीच्या पिल्लांचं पुढे काय झालं ते वर्गाला कळलं नाही. मधल्या सुट्टीत मुलं घटाघटा पाणी प्यायची तेव्हा ती पोळीभाजी कोरडीच खायची. घरी जाताना तिची निळी बाटली गळ्यापर्यंत भरलेली असायची, सकाळी आणली तशी.

"पाणी पी गं," श्रुतिका म्हणाली.

"तहान नाही, टीचर."

एक दिवस श्रुतिकाने तिला सुट्टीत बाजूला बोलावलं. जिन्याखाली, कोणी नाही असं पाहून. पर्समधून चॉकलेट काढून तिच्या हातात ठेवलं. "टीचर त्या दिवशी चुकून ओरडली हां. विसरून जायचं."

"थँक्यू टीचर," ऋतिका म्हणाली. चॉकलेट दप्तरात गेलं. त्या दिवशीही बाटली भरलेलीच घरी गेली. श्रुतिका स्टाफरूममध्ये चहाला बसली तेव्हा तिला स्वतःची किळस आली. आपण माफी मागितली नाही, तोंड बंद ठेवायला खाऊ दिला, हे तिला न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

त्यातच गावडे सरांनी बोलावलं. "शनिवारी आपल्या शाखांतले नवे शिक्षक येतत. वर्गनियंत्रण ह्या विषयावर तू सांगायचा. ढाल मिळाली तुका, म्हणजे तुझोच अधिकार. रत्नप्रभाबाई पण येतले."

रत्नप्रभाबाई याच शाळेतून निवृत्त झालेल्या. पार्ल्याहून बसने यायच्या. नव्या शिक्षकांच्या वर्गात मागे बसून ऐकायच्या आणि नंतर चार शब्द सांगायच्या. त्याचं मानधन त्यांनी कधी घेतलं नाही. मुलांमध्ये बसायला मिळतं हेच त्यांना पुरायचं. त्यांच्यासमोर बोलायचं म्हटल्यावर श्रुतिका सुन्न झाली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून ती हो म्हणाली.

शनिवारी शाळा सुटल्यावर दुसरी 'ब'तच सगळे जमले. छोट्या बाकांवर मोठी माणसं, गुडघे वर आलेले. शेवटच्या बाकावर रत्नप्रभाबाई. भिंतीवर ढाल, खिडकीत फिनेल. श्रुतिकाने आधी तक्त्यांबद्दल सांगितलं, मग बसण्याच्या जागा कशा बदलाव्यात ते सांगितलं. गावडे सर म्हणाले, "आता ती मुख्य गोष्ट सांगा, टीचर. प्रात्यक्षिकच करून दाखवा."

"हाताची घडी, तोंडावर बोट," श्रुतिका म्हणाली.

सगळे हसले आणि सगळ्यांनी केलं. रत्नप्रभाबाईंनीही केलं, गंभीरपणे. वर्ग शांत झाला. पंखा फिरत होता.

"मी 'सोडा' म्हणेपर्यंत कोणी काढायचं नाही. हा नियम एकदा पक्का केला की..."

दुसऱ्या बाकावरचा अनिरुद्ध हा दिंडोशीच्या शाखेतला नवा शिक्षक होता. मिश्कील पोरगा. त्याने पहिलं बोट मिटलं आणि ओठांवर करंगळी ठेवून डोळे मोठे केले. शेजारची हसली. तो बोट न काढताच पुटपुटला, "मॅडम, शूला लागली तर? करंगळी वर करायची सोय कुठेय? मग अशीच दाखवायची ना?"

सगळे खो खो हसले. करंगळी म्हणजे शूला जायचंय, हे कुठल्या मराठी शाळेत कोणाला शिकवावं लागतं?

श्रुतिका हसली नाही. तिला तिसरा बाक दिसला. मोठे केलेले डोळे दिसले. ते पोर गप्प राहायचा नियम पाळूनच आपल्याला सांगत होतं. जेवढं बोट हलवायची परवानगी होती, तेवढ्यात सांगत होतं. आणि आपण पाहिलं होतं. पाहून डोळे वटारले होते. आणि वर सगळ्यांसमोर विचारलं, सांगता येत नाही?

"टीचर?" गावडे सर म्हणाले.

"सोडा," श्रुतिका म्हणाली. मग टेबलाला धरून उभी राहिली. "सोडा सगळे. हे असं करू नका." आणि तिने सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत, पण सगळं. ऋतिकाची करंगळी, वटारलेले डोळे, 'एवढी मोठी घोडी', फिनेलची बाटली, जिन्याखालचं चॉकलेट. अनिरुद्धचा चेहरा पडला. गावडे सर खिडकीतल्या बाटलीकडे बघत राहिले. त्यांना वाटत होतं ती शिपायाने ठेवलीय.

सगळे गेल्यावर रत्नप्रभाबाई बाकातून सावकाश उठल्या.

"बाई, मी फार वाईट वागले," श्रुतिका म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

"हो," बाई म्हणाल्या. "वाईटच वागलीस."

श्रुतिकाला वाटलं होतं की त्या काहीतरी समजुतीचं बोलतील. बाईंनी पिशवीतून रुमाल काढून तिला दिला, पण शब्द मागे घेतला नाही.

"मला सांगितलंस ते बरं केलंस. पण माझा काय अपमान झाला होता? लाज काढलीस वर्गात आणि माफी मागतेस कुठे, तर जिन्याखाली आणि आता इथे. पोराला काय कळणार? त्याला वाटणार, चूक माझीच होती म्हणून टीचर गुपचूप खाऊ देतायत."

"वर्गात सांगू? मुलांसमोर?"

"ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोरच."

"पण मग मुलं ऐकतील का माझं? आधीच मंडई..."

"थोडे दिवस नाही ऐकणार," बाई म्हणाल्या. "गोंगाट होईल. मी येऊन बसेन मागे, मला आवडतो. गोंगाटातनंच कळतं कोणाला काय झालंय ते. आणि त्या पोरीच्या आईला विसरू नकोस. ते जास्त जड जाईल."

सोमवारी प्रार्थना झाल्यावर श्रुतिकाने खिळ्यावरची ढाल काढली आणि ऑफिसात नेऊन ठेवली. गावडे सरांनी मान वर केली. "ढाल परत कित्याक हाडलंस?"

"वर्ग शांत नव्हता, सर. घाबरलेला होता."

सरांनी ढाल कपाटावर सरकवली. मार्चमध्ये वर्ष संपलं की आपल्या नोकरीचं काय होईल ते श्रुतिकाला त्यांच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही.

वर्गात येऊन ती टेबलासमोर उभी राहिली. मुलांनी सवयीने बोटं ओठांवर ठेवली.

"बोटं काढा," ती म्हणाली. "मला काही सांगायचंय. पाहुणे आले होते त्या दिवशी ऋतिकाला शूला लागली होती. तिने मला करंगळी दाखवली होती. मी पाहिली आणि तिच्यावर डोळे वटारले. नंतर जे झालं ते माझ्यामुळे झालं आणि ओरडा मी तिला दिला. तिने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. मी तिला जे बोलले ते खूप वाईट बोलले. ऋतिका, माझं चुकलं. मला माफ कर."

वर्गात असं कधी झालेलं नव्हतं. काय करायचं ते मुलांना कळेना. ऋतिका बाकाच्या कडेकडे बघत होती. शेवटी हर्षद उभा राहिला.

"टीचर, मग तुम्हाला कोण ओरडणार?"

"कोणी नाही ओरडणार. पण मला लाज वाटतेय."

"मग बाकावर उभं राहा," मागून कोणीतरी म्हणालं आणि लगेच बाकाखाली दडलं.

श्रुतिकाने क्षणभर विचार केला. मग चपला काढल्या आणि पहिल्या बाकावर चढून उभी राहिली. साडी सावरत, हाताची घडी घालून. पंख्याचा वारा थेट चेहऱ्यावर येत होता. मुलं आधी घाबरली आणि मग असा काही कल्ला झाला की तेजल टीचर धावत आल्या.

"अगं, पडशील! काय चाललंय?"

"शिक्षा!" हर्षद ओरडला. "टीचरला शिक्षा झालीय!"

तेजल टीचर तोंडावर हात ठेवून परत गेल्या. बाकावरून श्रुतिकाला ऋतिका दिसत होती. ती हसत नव्हती. मान वर करून नुसती बघत होती. जणू टीचर खरंच उभी आहे की उगाच, याची खात्री करून घेत होती. बऱ्याच वेळाने ती बारीक आवाजात म्हणाली, "सोडा."

श्रुतिका खाली उतरली. "आजपासून करंगळी दाखवायची आणि सरळ जायचं. पाहुणे असोत, मुख्याध्यापक असोत. माझ्या 'हो'ची वाट बघायची नाही." त्या दिवशी करंगळ्यांचं पीक आलं. अर्धा वर्ग उगाचच जाऊन आला. पाढे झालेच नाहीत.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर नीलम गेटपाशी आली. पोरं पांगली होती. श्रुतिका फिनेलची बाटली घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. वॉचमन काकांनी मागे गेटला कुलूप लावलं. ऋतिका मम्मीचा हात धरून होती.

"ही परत घ्या," श्रुतिका म्हणाली आणि तिने पुन्हा सगळं सांगितलं. वर्गापेक्षा हे खरंच जड गेलं. मुलं मध्ये बोलली होती. ही बाई मध्ये बोलत नव्हती.

ऐकून झाल्यावर नीलमने लेकीच्या गालाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी मारलं हिला."

"काय?"

"त्या दिवशी घरी नेऊन. मोठ्या लोकांसमोर माझी इज्जत घालवली म्हणून. गालावर बोटं उठली होती. ही सांगत होती, मम्मी मी करंगळी दाखवली, टीचरनी पाहिलं. मी म्हटलं, टीचरवर खोटं घेतेस? आणि अजून मारलं." तिने श्रुतिकाकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "तुम्ही त्या सोमवारीच का नाही बोललात, टीचर? मी समोर आले होते ना? बाटली घेतलीत माझ्याकडून."

श्रुतिकाला माफीचा शब्दही आता लहान वाटत होता. ती मान खाली घालून उभी राहिली. समोर नीलमची मानही खाली गेली होती. रिक्षा येत-जात होत्या. दोघी मोठ्या बायका आणि मध्ये फिनेलची बाटली.

"टीचर."

ऋतिकाने मम्मीचा हात सोडला होता. करंगळी ताठ, डोक्याच्याही वर.

"टीचर, शू!"

"थांब गं, घरी जाऊन..." नीलम म्हणू लागली आणि तिची तीच अर्ध्यावर थांबली. लेकीच्या गळ्यात लटकणाऱ्या निळ्या बाटलीकडे तिचं लक्ष गेलं. तळाला घोटभर पाणी उरलं होतं.

"काका, गेट उघडा," श्रुतिका म्हणाली.

"आत्ताच लावलं ना टीचर! पाच मिनिटंही झाली नाहीत."

"उघडा हो काका, लवकर!"

कुलूप निघेपर्यंत ऋतिका एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. गेट उघडताच श्रुतिकाने फिनेल नीलमच्या हातात कोंबलं आणि ऋतिकासोबत ती पळत सुटली. नीलम बाटली हातात घेऊन तिथेच उभी राहिली. ती आत आली नाही आणि निघूनही गेली नाही.

तळमजल्याच्या कोपऱ्यातलं दार आतून लागलं. श्रुतिका बाहेर धापा टाकत भिंतीला टेकली.

"टीचर?" आतून आवाज आला.

"काय गं?"

"जाऊ नका हां."

"नाही जात."

"टीचर, ते काळं पिल्लू आहे ना..."

"हां, त्याचं काय झालं?" श्रुतिकाने विचारलं आणि ती दाराला कान लावून उभी राहिली.